वॉकिंग पॅडची निगा : पट्ट्याच्या वरची आणि खालची

वॉकिंग पॅड, म्हणजे घरात हळू चालण्यासाठीचं बुटकं, सपाट ट्रेडमिल, बंद करा, प्लग सॉकेटमधून काढा, चालायच्या पट्ट्याची कड मधोमध उचला आणि दोन बोटं आत सरकवून खालच्या फळीवरून फिरवा. बोटांना किंचित ओशट, तुळतुळीत लागलं तर यंत्र सुखात आहे. कोरडं, खरखरीत लागलं किंवा बोटांवर करडी-काळी भुकटी आली, तर आजच तेल घालायला हवं.

बहुतेक घरांतला वॉकिंग पॅड वरून स्वच्छच असतो. काळ्या पट्ट्यावर धूळ लगेच दिसते, म्हणून ती पुसली जाते. जिथं खरी झीज होते ती जागा मात्र पट्ट्याच्या खाली आहे, आणि ती बोटं घातल्याशिवाय कळत नाही. मी पहिले आठ महिने पट्टा रोज पुसला आणि खाली एकदाही पाहिलं नाही. मग एके दिवशी पाय टेकला की पट्टा क्षणभर अडखळू लागला, पुढच्या बाजूने तापल्याचा वास यायला लागला. मी घाईत गंजलेल्या बिजागऱ्यांसाठी आणलेला स्प्रे आत मारला. तासभर पट्टा लोण्यासारखा चालला. आठवड्याभरात तो आधीपेक्षा कोरडा झाला आणि महिन्याभरात त्याच्या कडा वळायला लागल्या. शेवटी पट्टाही बदलावा लागला आणि फळीही. हे टाळणं फार सोपं होतं, म्हणूनच इतक्या तपशिलात लिहितो आहे.

आत नेमकं काय चाललेलं असतं

पुढे मोटर, तिच्याजवळ एक रोलर, मागच्या टोकाला दुसरा रोलर, आणि त्या दोघांवरून फिरणारा पट्टा. पट्ट्याची वरची बाजू रबरासारख्या प्लास्टिकची, खालची बाजू विणलेल्या कापडाची. मधे एक गुळगुळीत थर दिलेली लाकडी भुशाची फळी. आपण पाय टेकतो तेव्हा पट्टा पाय आणि फळी यांच्यात दाबला जातो, आणि त्या अवस्थेत मोटर त्याला मागे ओढते. मिनिटाला शंभर पावलं धरली तरी तासाला सहा हजार वेळा हे घडतं.

कापड आणि फळी यांच्यात सिलिकॉन तेलाचा पातळ थर असेल तर हे ओढणं हलकं जातं. थर संपला की घर्षण वाढतं, मोटर जास्त वीज खेचते, ती आणि तिचं नियंत्रण करणारं सर्किट दोन्ही तापतात. त्याच वेळी फळीवरचा गुळगुळीत थर खरवडला जातो आणि घर्षण आणखी वाढतं. एकदा हे चक्र सुरू झालं की नुसतं तेल घालून ते पूर्ण थांबत नाही.

वॉकिंग पॅडचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्यावर माणूस हळू, पण तासन् तास चालतो. ज्या यंत्रांत थंड करणारा पंखा मोटरीच्याच दांड्यावर बसवलेला असतो, त्यांत मोटर हळू फिरली की पंखाही हळू फिरतो. म्हणजे ताशी दोन किलोमीटरची संथ चाल माणसाला सोपी वाटते, पण मोटरीला गार वारा तेवढाच कमी मिळतो. त्यामुळे सलग किती वेळ वापरावं आणि मधे किती विश्रांती द्यावी हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं ते पाळा. वजनाची मर्यादाही तशीच.

जागा निवडतानाच अर्धी निगा होते

पॅडखाली दाट रबरी मॅट घाला. आवाज आणि कंप कमी होतात हा एक फायदा. त्याहून मोठा फायदा असा, की जमिनीवरची धूळ आणि केस मोटरीच्या झरोक्यांतून आत ओढले जाणं कमी होतं. लोकरी गालिच्यावर पॅड थेट ठेवू नका. गालिच्याचे धागे आत जातात, पॅड खाली रुतल्यामुळे हवेची वाट बंद होते, आणि पट्ट्याची खालची बाजू गालिच्याला घासूही शकते.

चारही पाय जमिनीला टेकलेत का हे एका कोपऱ्यावर हाताने दाब देऊन पाहा. पॅड डुगडुगत असेल तर पट्टा एका बाजूला सरकत राहील, आणि तुम्ही उगाच मागचे स्क्रू फिरवत बसाल.

मागे दोन मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर मोकळी जागा ठेवा. लहान खोलीत हे कठीण असतं याची कल्पना आहे, तरी मागची जागा निदान भिंत, कपाट किंवा पलंगाच्या कडेने अडलेली नको. पाय घसरून मागे गेलेला माणूस पट्टा आणि भिंत यांच्यात अडकला तर पट्टा त्याला घासत फिरतच राहतो.

प्लग शक्यतो भिंतीतल्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये थेट लावा. बारीक वायरचा एक्स्टेंशन बोर्ड तापतो. वायर पॅडखालून नेऊ नका. पॅडचा पाय किंवा चाक तिच्यावर आलं तर वरचं आवरण हळूहळू कापलं जातं.

रोजचं काम दोन मिनिटांचं

चालून झालं की पॅड बंद करून कोरड्या मायक्रोफायबर फडक्याने पट्टा, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि पकडायचा दांडा असेल तर तो पुसा. घामात मीठ असतं. पट्ट्याला त्याचा फारसा त्रास नाही, पण बाजूचे स्क्रू, बिजागरी आणि दांड्याचे सांधे त्याने गंजतात.

बूट घालून चालत असाल तर ते बूट फक्त पॅडसाठीच ठेवा. बाहेरच्या बुटांच्या खाचांत अडकलेला एक बारीक खडा पुरेसा असतो. तो पट्ट्यावर पडतो, कडेने आत जातो आणि पट्टा व फळी यांच्यात सापडतो. मग प्रत्येक फेऱ्याला तो फळीवर एक ओरखडा काढतो. धूळ, वाळू, खडे आत जाणं म्हणजे फळीवर सँडपेपर फिरवणं. पॅडच्या निगेसाठी एकच सवय लावायची असेल तर मी वेगळ्या बुटांची सुचवेन.

मोजे घालून चालणं मात्र टाळा. पाय घसरतो आणि हवा कोरडी असेल तर स्थिर विजेचे चटकेही बसतात. असा चटका यंत्राला बसला तर वेग दाखवणारा पडदा गोठतो किंवा पॅड अचानक थांबतो. नीट अर्थिंग आणि पुरेसं तेल या दोन्हींनी हा त्रास कमी होतो.

आठवड्याची पुसणी

प्लग काढा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब टाका. फडकं त्यात बुडवून इतकं घट्ट पिळा की दाबलं तरी थेंब गळणार नाही. पट्टा पुढून मागे पुसत या, कडांकडून आत पुसू नका. तसं केल्याने कडेची घाण पट्ट्याखाली ढकलली जाते. दिसणारा भाग पुसून झाला की पट्टा हाताने मागे ओढून उरलेला भाग वर आणा. काही यंत्रांत पट्टा हाताने हलत नाही. तेव्हा प्लग लावून सर्वांत कमी वेगावर दोन-तीन सेकंद चालवा, थांबवा, प्लग पुन्हा काढा आणि मग पुसा. फिरत्या पट्ट्यावर फडकं कधीही धरू नका. फडकं रोलरमध्ये ओढलं जातं, आणि मागोमाग बोटंही.

खाचांत बसलेली घाण जुन्या मऊ टूथब्रशने निघते. त्यानंतर साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने साबण काढा, कारण साबणाचा थर राहिला तर पट्टा निसरडा होतो. शेवटी कोरडं पुसा आणि वीसेक मिनिटं वाळू द्या.

काय वापरू नये याची यादी लहान आहे, पण ती नक्की पाळा. ब्लीच, ॲसिटोन, थिनर, अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रव, फर्निचरचं पॉलिश, घासायची पावडर, तारेची घासणी यांतलं काहीही नको. जंतुनाशक अल्कोहोलचा वारंवार वापरही पट्ट्यासाठी नको. प्लास्टिक त्याने कोरडं पडतं. कोणतंही द्रव थेट यंत्रावर फवारायचं नाही, आधी फडक्यावर घ्यायचं. पडदा आणि बटणांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा.

पाणी सांडलं तर? आधी प्लग, मग पाणी. वरचं टिपून घ्या, पट्ट्याची कड उचलून खाली कोरडं कापड फिरवा आणि यंत्र दिवसभर तरी हवेशीर जागी तसंच राहू द्या. फळी लाकडी भुशाची असल्यामुळे ओल लागली तर कडेने फुगते, आणि एकदा फुगलेली फळी पुन्हा सपाट होत नाही. पाणी मोटरीच्या बाजूला गेल्याची शंका असेल तर स्वतः सुरू करून पाहू नका, तंत्रज्ञाला दाखवा.

तेल

इथे घाई करू नका. पुस्तिका उघडा आणि आपल्या यंत्राला तेल लागतं का हे आधी पाहा. काही फळ्यांवर कारखान्यातच मेणाचा थर दिलेला असतो आणि तिथे तेल घालू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. उरलेल्या बहुतेक पॅडना शंभर टक्के सिलिकॉन तेल चालतं. बाटलीवर ट्रेडमिलसाठी असं लिहिलेलं असेल आणि घटकांत दुसरं काही मिसळलेलं नसेल, ते घ्या.

स्वयंपाकाचं तेल, शिलाई मशीनचं तेल, इंजिनाचं तेल, ग्रीस, गंज सोडवणारा स्प्रे हे सगळं वर्ज्य. खनिज तेलांनी रबरी भाग फुगतात आणि मऊ पडतात. स्वयंपाकाचं तेल काही दिवसांत चिकट होऊन धूळ धरतं. गंज सोडवणाऱ्या स्प्रेमध्ये द्रावक असतं; ते आधीचं उरलंसुरलं सिलिकॉनही धुऊन काढतं आणि स्वतः उडून जातं. माझ्या पट्ट्याचं नेमकं हेच झालं होतं. डब्यातला सिलिकॉन स्प्रेही मी टाळतो. त्यात ढकलणारा वायू आणि द्रावक असू शकतात, शिवाय फवारा रोलरवर आणि मोटरीकडे उडतो. बारीक नळीची साधी बाटली सर्वांत बरी.

किती दिवसांनी? महिन्यांपेक्षा तास मोजा. पुस्तिकेत वेगळं काही दिलं नसेल तर साधारण तीस ते चाळीस तास चालल्यावर तपासा. रोज एक तास चालणाऱ्याला हे महिन्याला येईल, रोज वीस मिनिटं चालणाऱ्याला तीन महिन्यांनी. तपासा म्हणजे लगेच घाला असं नाही. बोटं घालून पाहा. ओशट असेल तर आणखी पंधरा दिवस थांबा.

आता प्रत्यक्ष कृती.

१. प्लग काढा. पॅड सपाट जमिनीवर ठेवा, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरा.

२. आधी खालची सफाई. जुन्या सुती चादरीची किंवा टॉवेलची लांब पट्टी घ्या, ती पट्ट्याखालून एका बाजूने दुसऱ्या बाजूला काढा. दोन्ही टोकं दोन हातांत धरून ताणा आणि पुढून मागे, मागून पुढे सरकवत फळी पुसा. इथे कापड कोरडंच हवं. ते काळं होऊन बाहेर येईल. स्वच्छ येईपर्यंत बाजू बदलत राहा. जुन्या धुळीवर तेल घातलं तर त्याचा लगदा होतो, म्हणून ही पायरी गाळू नका. ज्या पॅडला वर्षभर कुणी हात लावलेला नाही, त्याला या कामासाठी अर्धा तास द्या.

३. पट्ट्याची कड उचलली जात नसेल तर तो फार घट्ट आहे. मागचे दोन्ही स्क्रू सारखेच सैल करा आणि किती फेरे दिले ते कागदावर लिहून ठेवा, म्हणजे नंतर तेवढेच परत देता येतील.

४. एका बाजूने कड उचला, बाटलीची नळी जमेल तितकी मध्यापर्यंत न्या आणि पाय पडतात त्या पट्टीत पुढून मागे नागमोडी रेघ ओढत तेल सोडा. एका बाजूला साधारण ५ मिलिलिटर. मग दुसऱ्या बाजूने तेवढंच. लहान पॅडला याहून कमी लागतं आणि पुस्तिकेतला आकडा वेगळा असेल तर तोच खरा. कडेची चार-पाच सेंटिमीटर जागा कोरडी सोडा, कारण तेल तिथून बाहेरच येतं.

५. पट्टा खाली सोडा, प्लग लावा आणि वर कुणीही न चढता सर्वांत कमी वेगावर पाच मिनिटं चालवा. मग स्वतः चढून आणखी पाच मिनिटं हळू चाला. पावलं मुद्दाम थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे टाका. पायांच्या दाबानेच तेल कापडात मुरतं.

६. थांबवा, प्लग काढा, कडांवर आलेलं तेल पुसा. जमिनीवर थेंब पडले असतील तर ते लगेच साबणाने काढा. सिलिकॉन सांडलेली फरशी भयंकर निसरडी होते आणि नुसत्या पाण्याने तो ओशटपणा जात नाही.

७. तारीख लिहा. मी पॅडच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावला आहे, त्यावर तारखा एकाखाली एक आहेत.

पहिल्यांदा तेल घालताना हात सैल सुटतो. पण जास्त तेलाने जास्त फायदा होत नाही. ते रोलरवर जातं, मग रोलरला पट्टा धरता येत नाही आणि पाय टेकला की पट्टा घसरतो. वरून धूळही चिकटते. असं झालंच तर पुन्हा कोरड्या सुती पट्टीने खालून पुसा, रोलरचा दिसणारा भाग पुसा आणि हळू वेगावर दहा मिनिटं चाला. लगेच ताण वाढवू नका.

पट्ट्याचा ताण

पट्टा मधोमध हाताने उचलला तर फळीपासून पाच ते सात सेंटिमीटर वर यायला हवा. याहून खूप जास्त आला तर सैल, बोटंही शिरत नसतील तर घट्ट.

पट्टा घसरतोय असं वाटलं की बहुतेक जण लगेच पाना उचलतात. क्रम उलटा हवा. कोरड्या फळीवर पट्टा अडखळतो आणि ते अगदी घसरण्यासारखंच जाणवतं. अशा वेळी ताण वाढवला तर मोटरीवरचा भार आणखी वाढतो आणि रोलरच्या बेअरिंगवर ताण येतो. आधी बोटांची तपासणी, गरज असेल तर तेल, दोन दिवस वापर, आणि तरीही घसरत असेल तर ताण.

घसरण कुठली आहे हेही ओळखता येतं. ताशी दोन किलोमीटर वेगावर, आधार धरून, एक पाय जरा जोराने टेकवा. पट्टा थांबला पण पुढचा रोलर फिरत राहिला तर चालायचा पट्टा सैल आहे. रोलरही थांबला आणि मोटर मात्र गुणगुणत राहिली तर मोटर आणि रोलर यांना जोडणारा आतला छोटा पट्टा सैल किंवा झिजलेला आहे. ते काम झाकण उघडून करायचं असतं, तंत्रज्ञाकडे द्या.

चालायच्या पट्ट्याचे स्क्रू मागच्या टोकाला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असतात. यंत्राबरोबर आलेली ॲलन की (षटकोनी टोकाचा वाकडा पाना) त्यासाठीच असते. ताण वाढवायचा तर दोन्ही स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव पाव फेरा फिरवा. दोन्ही सारखे. मग चालून पाहा. गरज असेल तर आणखी पाव. एका बैठकीत एक फेऱ्याहून पुढे जाऊ नका.

पट्टा एका बाजूला जातोय

ही तक्रार सर्वांत जास्त येते आणि तिच्यावरचा उपाय सर्वांत कमी कष्टाचा आहे. स्क्रूला हात लावण्याआधी दोन गोष्टी पाहा. पॅड समपातळीत आहे का? आणि तुम्ही मधोमध चालता का? टेबलाखाली पॅड ठेवून काम करणारे संगणकाच्या पडद्याच्या बाजूला कलतात, एका कोपराचा भार टेबलावर टाकतात, आणि नकळत एका पायावर जास्त वजन देतात. पट्टा मग त्याप्रमाणे सरकतो. तेव्हा टेबल किंवा पडदा हलवणं हाच खरा उपाय.

दोन्ही ठीक असेल तर पॅडच्या मागे, मोटरीकडे तोंड करून उभे राहा. वर कुणी नाही, वेग ताशी तीन किलोमीटर. सैल कपडे, ओढणी, मोकळे केस आवरून घ्या. फिरत्या रोलरजवळ वाकायचं आहे. पट्टा उजवीकडे सरकला असेल तर उजवा स्क्रू घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. डावीकडे सरकला असेल तर डावा स्क्रू, त्याच दिशेने पाव फेरा. पट्टा नेहमी सैल बाजूकडे जातो, म्हणून ती बाजू किंचित ताणायची, एवढंच हे गणित आहे.

मग हात मागे घ्या आणि दोन मिनिटं नुसतं पाहा. बदल लगेच दिसत नाही. पट्टा पंचवीस-तीस फेऱ्यांमध्ये हळूहळू सरकतो. या दोन मिनिटांत अधीर होऊन आणखी फिरवलं की पट्टा दुसऱ्या टोकाला जातो आणि मग डावं-उजवं करत संध्याकाळ जाते. दोन्ही बाजूंची फट अगदी तंतोतंत सारखी असण्याची गरज नाही. कड कुठेही घासत नाही ना, एवढं पाहा. घासणारी कड आठवड्याभरात उसवते आणि तिचे धागे रोलरला गुंडाळले जातात.

एक काळजी घ्या. पट्टा उजवीकडे सरकला असेल पण आधीच घट्ट असेल तर उजवीकडचा स्क्रू ताणण्याऐवजी डावीकडचा पाव फेरा सैल करा; डावीकडे सरकला असेल तर याच्या उलट. परिणाम तोच होतो, ताण मात्र वाढत नाही.

कानांनी तपासणी

आपल्या पॅडचा निरोगी आवाज लक्षात ठेवा. नवा असताना किंवा तेल घातल्यावर मोबाइलवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवलं तर फार उपयोगी पडतं. आवाज बदलला की तो किती वेळाने येतो हे मोजा, त्यावरून जागा कळते.

समजा पट्ट्याची पूर्ण लांबी अडीच मीटर आहे. ताशी तीन किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ सेंटिमीटर. म्हणजे पट्ट्याचा एक फेरा तीन सेकंदांत होतो. दर तीन सेकंदांनी एकदा ठक् असं होत असेल तर दोष पट्ट्यावरच आहे: सांधा उचलला गेला असेल, किंवा खालच्या बाजूला काहीतरी चिकटलं असेल. चार सेंटिमीटर व्यासाचा रोलर त्याच वेगाला सेकंदाला सहा-सात वेळा फिरतो. तेव्हा भरभर, टरटर असा आवाज असेल तर तो रोलरचा: बेअरिंग झिजलं असेल किंवा केस आणि धागे गुंडाळले असतील. वेगाशी संबंध नसलेला खडखडाट बहुधा सैल स्क्रूचा किंवा झाकणाचा असतो. आणि फक्त पाय टेकल्यावरच चूं-चूं होत असेल तर पॅडचे पाय, मॅट आणि घडीची बिजागरी पाहा.

मागच्या रोलरला गुंडाळलेले केस चिमट्याने, पट्टा हाताने थोडा थोडा सरकवत काढा. कात्री वापरायची तर टोक पट्ट्यापासून दूर ठेवा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर हे दर पंधरा दिवसांनी पाहायला हवं.

मोटरीची बाजू

महिन्यातून एकदा झरोक्यांवर व्हॅक्यूम क्लीनरचा मऊ ब्रश फिरवा. तोंडाने फुंकू नका आणि हवेचा जोरदार झोत आत सोडू नका, धूळ आणखी खोल जाते. पॅडखालची जागाही तेव्हाच झाडून घ्या.

झाकण उघडून आतली धूळ काढणं पुस्तिकेत परवानगी असेल आणि वॉरंटीला धक्का बसत नसेल तरच करा. प्लग काढल्यावर दहा मिनिटं थांबा, कारण सर्किटवरच्या कॅपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते. सर्किटला बोट लावायचं नाही, मऊ कोरड्या ब्रशने वरची धूळ सैल करून व्हॅक्यूमने दुरूनच ओढून घ्यायची. वेग मोजणारा छोटा सेन्सर रोलरच्या चाकाजवळ असतो. तो जागचा हलला तर वेग चुकीचा दिसतो किंवा पॅड सुरू होऊन लगेच थांबतो, म्हणून त्याच्या वायरला ब्रशचा धक्का लागू देऊ नका.

जळका वास, धूर, प्लगची पिन हाताला गरम लागणं, किंवा पॅडला हात लावल्यावर झिणझिण्या येणं यांपैकी काहीही झालं तर तिथेच वापर बंद. या चार गोष्टींवर घरगुती इलाज नाही.

ठेवताना

पलंगाखाली सरकवायचा असेल तर आधी पुसून गार होऊ द्या. उभा करून ठेवायचा असेल तर तुमचा पॅड तसा ठेवता येतो का हे पुस्तिकेत पाहा. नुकतंच तेल घातलं असेल तर दोन दिवस उभा करू नका, तेल एका टोकाला उतरतं. भिंतीला टेकवलेला पॅड घसरून पडला तर लहान मुलाला मोठी इजा करू शकतो, तेव्हा त्याला पट्ट्याने बांधा.

मधून घडी होणाऱ्या पॅडमध्ये घडीच्या जागी खडा, पेन, चार्जरची वायर राहिलेली नाही ना हे बंद करण्याआधी बघायची सवय ठेवा. महिनोन् महिने घडी घालून ठेवलेल्या पट्ट्याला वळ पडतो. म्हणून वापर नसला तरी महिन्यातून एकदा उघडा आणि दहा मिनिटं चालवा. ओल, थेट ऊन आणि उघडी बाल्कनी टाळा. रिमोटची बॅटरी काढून ठेवा. गळलेल्या बॅटरीने रिमोट निकामी होतो, आणि काही पॅड रिमोटशिवाय सुरूच होत नाहीत.

घरात मुलं असतील तर वापर संपल्यावर सुरक्षा किल्ली (जी काढली की पॅड चालत नाही) किंवा रिमोट उंचावर ठेवा आणि प्लग काढा, रोज. मे २०२१ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या ट्रेडमिलची सुमारे सव्वा लाख यंत्रं परत मागवली गेली. मागच्या टोकाखाली ओढलं जाऊन एका सहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला होता आणि अशा सत्तरहून अधिक घटनांची नोंद होती. वॉकिंग पॅड त्याहून बुटका असतो, पण पट्टा रोलरखाली शिरतो ती मागची फट त्यालाही असते, आणि रांगत्या मुलाचा हात बरोबर त्याच उंचीवर असतो. सफाई करतानाही मूल खोलीत नको.

पट्टा कधी बदलायचा

पट्ट्याच्या कडा वर वळल्या, सांधा उचलला, वरच्या खाचा पाय पडतात तिथे सपाट झाल्या, किंवा खालचं कापड काचेसारखं चकचकीत झालं, तर पट्टा संपला. चकचकीत कापड तेल धरून ठेवत नाही. तेल घालूनही चार-आठ दिवसांत पुन्हा कोरडं लागतं ते यामुळेच.

बदलण्याआधी मात्र फळी नीट पाहा. बोटांना पाय पडतात त्या जागी खोलगट लागते का, वरचा थर उडून तपकिरी भुसा दिसतो का, कडेला फुगवटा आहे का. काही फळ्या दोन्ही बाजूंनी सारख्या असतात आणि उलटून बसवता येतात. तंत्रज्ञाला तसं विचारा. ते शक्य नसेल तर पट्टा आणि फळी एकत्रच बदला. झिजलेल्या फळीवर चढवलेला नवा पट्टा काही आठवड्यांतच जुन्यासारखा होतो. नवा पट्टा बसल्यावर पहिल्या काही तासांत तो थोडा ताणला जातो, म्हणून पाचेक तास चालून झाल्यावर त्याचा ताण आणि सरळपणा पुन्हा एकदा तपासा.